भाऊबीज झाली, गाडी दारात! ऊसतोडीच्या घरांची ऐनवेळची धावपळ थांबणार कधी?

बीड : यंदाचा ऊस गाळप हंगाम १ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू करायचा, हे सरकारनं सप्टेंबरच्या अखेरीसच ठरवलं. भाऊबीज झाली २३ ऑक्टोबरला. म्हणजे ओवाळणीचं ताट खाली ठेवल्यापासून कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडेपर्यंत मधे राहिले फक्त आठ दिवस. या आठ दिवसांत धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई भागातल्या हजारो घरांना बिऱ्हाड बांधायचंय. पीठ-मीठ, भांडीकुंडी, कोपीचं साहित्य, लेकरं, कागदपत्रं, शेरडं-करडं, मागं राहणारी म्हातारी माणसं, सगळ्याचा बंदोबस्त याच दिवसांत.

वरवर बघता वाटतं, यात नवीन काय? दरवर्षीच जातात. पण दरवर्षी जायचं ठरलेलं असतानाही दरवर्षी ऐनवेळी धावपळ होते, हाच खरा प्रश्न आहे. आणि या धावपळीत जे मागं राहतं किंवा हुकतं, त्याची किंमत पुढचे पाच महिने मोजावी लागते. कुणाचं रेशन बुडतं, कुणाच्या पोरीची शाळा सुटते, कुणाची मदत अडकते.

तारीख कळते, दिवस कळत नाही

आधी तारखांकडं बघा. २०२२ ला हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू झाला. २०२३ ला १ नोव्हेंबरला. २०२४ ला १५ नोव्हेंबर ठरली, आणि त्याच महिन्यात २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. मत द्यायला थांबायचं का गाडीत बसायचं, असा पेच घराघरात पडला. यंदा पुन्हा १ नोव्हेंबर. म्हणजे चार वर्षांत सुरुवात महिनाभर मागं-पुढं झाली.

शेवटाचंही तसंच. २०२१-२२ चा हंगाम ऊस संपता संपेना म्हणून जूनपर्यंत चालला. उलट २०२४-२५ च्या हंगामात ऊस कमी पडला आणि बऱ्याच कारखान्यांचे पट्टे फेब्रुवारी-मार्चमध्येच पडले. जायचं कधी आणि यायचं कधी, दोन्ही टोकं हातात नाहीत.

बरं, सरकारची तारीख म्हणजे गाडीची तारीख नव्हे. कारखाना वाहनमालकाला सांगतो, वाहनमालक मुकादमाला, मुकादम टोळीला. कुठं टोळीतले दोन कोयते कमी भरतात, कुठं ट्रकच वेळेवर मिळत नाही, कुठं फडात ओल आहे म्हणून कारखाना चार दिवस थांब म्हणतो. मग एकदम फोन येतो, ‘आवरून ठेवा, रात्री गाडी येतीय.’ दोन आठवडे वाट बघितलेली असते आणि आवरायला मिळतात पाच-सहा तास.

एवढ्या ऐनवेळी ‘दोन दिवस थांबा’ असं म्हणायची सोय मजुराला नसते. कारण उचल.

उचलीचं गणित

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याकडं सांगायची गरज नाही. जोडीमागं उचल आता लाखाच्या घरात गेलीय. ती दिवाळीच्या आधीच संपलेली असते. मागची देणी, दवाखाना, पोरीचं लग्न, नाहीतर खत-बियाण्याची उधारी. पैसा संपलाय आणि काम अजून सुरूही झालेलं नाही, अशा वेळी मुकादम म्हणेल ती वेळ.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. आता हिशेब करा. जोडीनं दिवसाला दोन टन ऊस तोडला तर ७३२ रुपये होतात. एक लाखाची उचल फिटायला २७३ टन तोडावे लागतात. म्हणजे एकही खाडा न होता जवळपास १३७ दिवस, साडेचार महिने. हंगाम १०० दिवसांतच आटोपला तर २०० टन होतात, ७३,२०० रुपये फिटतात आणि २६,८०० रुपये अंगावर राहतात. ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत धरली जाते. बाकी फिरली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाची गाडी, त्याच्याच वेळेला.

शिवाय निघाल्यावर लगेच काम लागेलच असं नाही. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात ऊसदराच्या आंदोलनामुळं सुरुवातीच्या दिवसांत तोडी बंद राहण्याचे प्रसंग अनेकदा येतात. कोपी उभी राहिली, चूल पेटली, पण कोयता टेकवून बसायचं. ते दिवसही उचलीतूनच खायचे.

मुकादमाचीही एक बाजू आहे, ती सोडून चालणार नाही. तोही कारखान्याकडून किंवा वाहनमालकाकडून उचल आणतो आणि कागदावर त्याची सही असते. पैसे घेऊन टोळी आली नाही तर तो बुडतो. म्हणून तो घाई करतो, टोळी भरली की रात्रीच गाडी हलवतो. पण या साखळीत वरच्यानं खालच्यावर ढकललेली घाई शेवटी येऊन पडते ती घरातल्या बाईवर. बिऱ्हाड तीच बांधते.

यंदा भर पडली पुराची आणि केवायसीची

सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीनं मराठवाड्यातली खरीप पिकं गेली, नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बऱ्याच घरांकडं दोन-तीन एकर कोरडवाहू असते, त्यामुळं मदतीच्या यादीत त्यांचीही नावं आहेत. पण ज्यांचा फार्मर आयडी निघालेला नाही त्यांना ई-केवायसी करावी लागते. माणूस सांगलीला आणि केवायसी गावातल्या सेतू केंद्रावर, असं झालं की मदत लटकली.

लाडक्या बहिणींचंही तेच. ई-केवायसीसाठी १८ सप्टेंबरला दोन महिन्यांची मुदत दिली होती, म्हणजे १८ नोव्हेंबरपर्यंत. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी लागत होता. एकाच फोनवर घर चालतं आणि आधारला जोडलेलं सिम रिचार्ज नसल्यानं बंद पडलेलं असतं, अशी घरं थोडीथोडकी नाहीत. हे काम गाव सोडायच्या आत झालं तर झालं. फडात रेंज शोधत ओटीपीची वाट बघणं सोपं नाही.

तिसरी गोष्ट सोयाबीनची. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. पण हमीभावानं खरेदी सुरू होणार होती १५ नोव्हेंबरपासून. तोवर गाडी कधीच गेलेली असेल. पुरातून वाचलेली पाच-सहा पोती घरात कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग व्यापारी देईल त्या भावात विकून मोकळं व्हायचं. ज्याला थांबता येतं त्याला हमीभाव आणि ज्याला निघावं लागतं त्याला पडेल तो भाव, असा हा उलटा न्याय आहे. घरात मागं कर्ता माणूस राहणार असेल, तर त्याच्या हाती सातबारा, आधार, पासबुक देऊन नोंदणी करता येते का, हे खरेदी केंद्रावर आधीच विचारून घ्या.

रेशन मागं राहतं, हा गैरसमज

‘आम्ही गेलो की सहा महिन्यांचं रेशन बुडालं’ असं बरेच जण धरूनच चालतात. तसं नाही. एक देश एक रेशन कार्ड योजनेत आपला गहू-तांदूळ राज्यात कुठल्याही रेशन दुकानात मिळतो. कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलात तरी तिथल्या दुकानात मिळतो. कार्डाचा नंबर किंवा आधार नंबर सांगायचा आणि अंगठा लावायचा. नवीन कार्ड लागत नाही, नाव कमी करावं लागत नाही.

यातली मोठी सोय म्हणजे धान्य वाटून उचलता येतं. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. सहा माणसांच्या कार्डावर ३० किलो होतात. चौघं कारखान्यावर गेले आणि आजी-आजोबा गावी राहिले, तर तिकडं २० किलो आणि गावात १० किलो असं घेता येतं. मात्र तिकडं कुणी पूर्ण ३० किलो उचललं तर गावात म्हाताऱ्यांना दुकानदार ‘शिल्लक नाही’ म्हणेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. म्हणून किती कुठं उचलायचं, हे घरातच ठरवून निघा.

ज्या सदस्याची आधार केवायसी झालेली नाही त्याचा अंगठा यंत्र घेणार नाही. ती निघायच्या आधी गावातल्या दुकानात करून घ्या. तिकडचा दुकानदार ‘बाहेरच्यांना देत नाही’ म्हणाला तर ऐकून परत फिरू नका. १४४४५ हा याच योजनेचा नंबर आहे, १९६७ वरही तक्रार करता येते. तहसीलच्या पुरवठा विभागात गेलात तरी चालतं.

लेकरं न्यायची की ठेवायची?

सगळ्यात अवघड निर्णय हाच आणि तोच सगळ्यात घाईत होतो. गाडी येते दिवाळीच्या सुटीच्या आसपास. शाळेला कुलूप, गुरुजी आपल्या गावी. दाखला, शिक्षण हमी पत्रक मागायचं कुणाकडं? पोरगं गाडीत बसतं आणि शाळा उघडल्यावर हजेरीत फक्त ‘गैरहजर’ लागत राहतं.

मुलांना गावी ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे. गावातल्या शाळेमार्फत मुलांच्या जेवणाची, राहण्याची व्यवस्था होते आणि आजी-आजोबांवरचा भार हलका होतो. पण त्याची यादी शाळा व्यवस्थापन समितीकडून जाते. यादीत नाव घालायला सांगणारे आई-बापच निघून गेले, तर नाव मागं पडतं. वसतिगृह उशिरा सुरू होणं ही तर जुनीच तक्रार. गाड्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जातात आणि ताट वाढायला डिसेंबर उजाडतो, असं झालं की मधल्या महिन्यात पोरगं एक तर उपाशी राहतं नाहीतर आई-बापामागं फडात जातं.

संत भगवान बाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, प्रत्येकी १०० मुलांची. सगळी पूर्ण क्षमतेनं चालली असं धरलं तरी ८,२०० मुलांची सोय. स्थलांतर करणाऱ्या घरांच्या मानानं हा आकडा फार अपुरा आहे.

मुलांना बरोबर नेणार असाल तर एक हक्क लक्षात ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते आठवीच्या मुलाला कारखान्याजवळच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळायलाच पाहिजे. दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. गावाकडच्या शाळेचं नाव, वर्ग आणि गुरुजींचा मोबाइल नंबर एवढं जरी हाताशी असलं तरी काम सुरू होतं.

मोठ्या पोरींचं दुखणं वेगळं आहे. तिला गावी एकटी ठेवायची भीती, फडात न्यायची त्याहून भीती. मग ‘हात पिवळे करून टाकू’ हा विचार घरात शिरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. या आकड्यामागं गरिबी आहे, रूढी आहे आणि गाडी आली तेव्हा पोरीला ठेवायला खात्रीची जागा नव्हती, हेही आहे. नववी-दहावीच्या पोरींना वसतिगृहात पहिली जागा मिळाली तर यातली किती तरी लग्नं टळतील.

बाईचं दुखणं गाडीत बसायच्या आधी दाखवा

२०१९ मध्ये जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यावरून राज्यभर चर्चा झाली, समिती बसली, निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर तपासणी करायचं ठरलं. पण गाडी रात्री आली तर तपासणी कधी होणार? अंगावर पाणी जाणं, पोटात दुखणं हे बाई ‘आल्यावर बघू’ म्हणून अंगावर काढते. फडात खाडा परवडत नाही. आल्यावर दुखणं वाढलेलं असतं आणि मग पिशवीच काढायचा सल्ला मिळतो.

गरोदर बाई जात असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवा. तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात गाठा. लेकराचं पुढचं लसीकरण आणि अंगणवाडीचा आहार तिकडंही मिळतो, त्यासाठी गावच्या अंगणवाडी ताईंना ‘आम्ही अमुक तालुक्यात चाललो’ एवढं सांगून निघा.

गाडी उद्या येणार असेल तर

हातात एकच दिवस असेल तर कामं या क्रमानं उरका.

१. आधी कागद. आधार, रेशन कार्ड, पासबुक, जॉब कार्ड, ऊसतोड कामगार ओळखपत्र, मुलांचे जन्मदाखले आणि लसीचं कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. सगळ्यांचे फोटो काढून दोन फोनमध्ये ठेवा, एक बरोबरचा आणि एक गावी राहणाऱ्याचा. पुरात आधार वाहून गेलं असेल तर मोबाइलवर ई-आधार उतरवून घेता येतं, जोडलेला नंबर चालू पाहिजे.

२. मग फोन. आधारला जोडलेलं सिम कुणाकडं राहणार ते ठरवा आणि ते बंद पडू देऊ नका. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, हे म्हाताऱ्यांना बजावून ठेवा.

३. उचलीचा हिशेब लिहून घ्या. किती घेतली, मागची बाकी किती, टनाला दर काय, कारखाना कोणता, गट नंबर काय. मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो काढा. पुढं वाद झाला तर तेवढाच पुरावा.

४. म्हाताऱ्यांची सोय. महिन्याच्या गोळ्या, दळण, सरपण आणि शेजारचा एक भरवशाचा माणूस. रात्री-अपरात्री १०८ लावायचा, हे दारामागं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

५. लेकरं मागं राहणार असतील तर गुरुजींना फोन करून हंगामी वसतिगृहात नाव घालायला सांगा आणि त्याच नंबरवर लेखी मेसेज पाठवा.

६. सामान शेवटी. भांडी चार कमी गेली तर चालतं. ताडपत्री, टॉर्च, पाण्याचं झाकणाचं भांडं, ताप-जुलाबाची औषधं आणि लेकरांची उबदार कपडे विसरू नका. डिसेंबरात उघड्या रानातली थंडी कोपी अडवत नाही.

आणि एक. मुकादम किंवा कुणीही उचल फिटली नाही म्हणून माणसं अडकवून ठेवत असेल, घरी येऊ देत नसेल, तर तो १९७६ च्या वेठबिगारी कायद्याखाली गुन्हा आहे. ११२ वर फोन करा, तिथल्या तहसीलदाराला कळवा. पैसे देणं असणं हा गुन्हा नाही, माणूस कोंडून ठेवणं हा आहे.

एक महिना आधी कळतं, मग एक महिना आधी काम का होत नाही?

घरांनी काय करायचं ते वर सांगितलं. पण सगळा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. हंगामाची तारीख सरकार स्वतः ठरवतं आणि यंदा ती महिनाभर आधी ठरली होती. कोणत्या गावातून किती कोयते जातात, हे ग्रामसेवकाला माहीत असतं, कारण ओळखपत्रासाठीची पाहणी त्यांच्याकडूनच झाली. म्हणजे तारीखही माहीत, माणसंही माहीत.

मग तारीख जाहीर झाल्यापासून दिवाळीच्या सुट्या लागेपर्यंत प्रत्येक गावात एक दिवसाचं शिबिर का होऊ नये? एकाच ओट्यावर रेशन दुकानदार, गुरुजी, आशाताई, अंगणवाडी ताई, तलाठी आणि सेतूवाला बसला, तर केवायसी, हमी पत्रक, तपासणी, वसतिगृहाची यादी सगळं एका दिवसात उरकतं. पैशाची अडचण सांगायला जागा नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असं धोरण आहे. २०२४-२५ च्या हंगामात राज्यात सुमारे ८५० लाख टन गाळप झालं. त्या हिशेबानं कारखान्यांचाच वाटा ८५ कोटी होतो. त्यातली छोटी रक्कमही या शिबिरांना पुरेल.

दुसरी मागणी कारखान्यांकडं. मोळी टाकायचा मुहूर्त पत्रिका छापून जाहीर होतो. टोळ्यांच्या गाड्या कोणत्या दिवशी निघणार, हेही आठ दिवस आधी मुकादमामार्फत लेखी कळवायला काय हरकत आहे? एक-दोन दिवस पुढं-मागं होईल, ते मजूर समजून घेतील. पण रात्री नऊला फोन आणि बाराला गाडी, हे थांबलं पाहिजे.

तिसरं काम ग्रामपंचायतीचं. गावातून कोण गेलं, कुठल्या कारखान्यावर गेलं, बरोबर किती लेकरं, मागं कोण राहिलं, अशी एक साधी स्थलांतराची वही ठेवा. शंभर पानी वहीला खर्च तो किती? उद्या कुठं अपघात झाला, कुणी आजारी पडलं, तर कुणाला कळवायचं हे त्या वहीत सापडेल.

यंदाच्या काही गाड्या निघाल्यात, काही या दोन-चार दिवसांत निघतील. ज्यांच्या दारात अजून गाडी लागलेली नाही त्यांनी आजचा दिवस रेशनच्या केवायसीला आणि गुरुजींच्या फोनला द्यावा. आणि जे गावी राहणार आहेत त्यांनी शेजारच्या बंद दाराकडं, ओट्यावर बसलेल्या म्हातारीकडं आणि तिच्या नातवंडांकडं पाच महिने लक्ष ठेवावं. शाळा उघडल्यावर वसतिगृहाचं ताट खरंच वाढलं जातंय का, हे विचारायचा हक्क गावातल्या प्रत्येकाला आहे. तो वापरा.